मोटारीचं चाक घरी कसं काढावं, कसं बसवावं: खाऱ्या वाऱ्यातल्या ई-सायकलसाठी

गुहागर तालुक्यातल्या धोपाव्याच्या जेटीच्या उतारावर माझ्या ई-सायकलच्या मागच्या चाकाची हवा पहिल्यांदा गेली. जवळच्या सायकल दुरुस्तीवाल्याने चाकाकडे बघितलं, आसातून बाहेर आलेली जाड काळी वायर बघितली आणि हात मागे घेतला. "साधं चाक असतं तर दहा मिनिटांत करून दिलं असतं. मोटारच्या चाकाला हात नाय लावणार," असं त्याने सरळ सांगितलं. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. काही बिघडलं असतं तर भरून कोण देणार होतं? सायकल घेतली ते दुकान चिपळूणला. म्हणजे गुहागरहून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर टेम्पोत घालून न्यायची, दोन-तीन दिवस तिथे ठेवायची आणि परत आणायची. ते सुद्धा एका काट्यासाठी.

त्यानंतर मी हे काम शिकलो. आता वाडीतल्या चार-पाच सायकली माझ्या पडवीत येतात. त्यातली एक आहे मासळी विकणाऱ्या मावशींची. कॅरियरला टोपली बांधून त्या रोज चढ-उताराचे रस्ते फिरतात. या सगळ्या चाकांनी मला एक गोष्ट शिकवली: चाक काढणं अवघड नाही, ते जसं होतं अगदी तसंच परत बसवणं हे खरं काम आहे. म्हणून पहिला पाना लावायच्या आधी मोबाइल काढा आणि आसाच्या दोन्ही टोकांचे जवळून फोटो घ्या.

तुमची मोटार कुठे आहे?

मोटार पॅडलजवळ, क्रँकच्या ठिकाणी असेल, तर तुमचं मागचं चाक साध्या गियरच्या सायकलसारखंच आहे. वायर नाही, भीतीही नाही. पण आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-सायकलींत मोटार मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये असते. 250 वॅटच्या आतली आणि ताशी 25 किलोमीटरच्या आत धावणारी ही सायकल कायद्याच्या नजरेत मोटार-वाहन ठरत नाही, म्हणून तिला नंबरप्लेट आणि लायसन्स लागत नाही. हा लेख मुख्यतः तिच्यासाठी आहे.

साध्या चाकाचा आस फक्त भार झेलतो. मोटारीच्या चाकात आस जागेवर स्थिर असतो आणि मोटार त्यालाच रेटा देऊन बाहेरचं कवच फिरवते. चाक पुढे फिरतं, तेव्हा आस तेवढ्याच जोराने उलटा फिरायला बघतो. त्याला अडवतात तीन गोष्टी: आसाच्या दोन्ही बाजू तासून केलेली सपाटी, ती सपाटी जिच्यात बसते ती चिमट्याची खाच, आणि जिभेचा वायसर. या वायसरला एक छोटी जीभ वळवलेली असते आणि ती खाचेत अडकते. काही सायकलींना त्याऐवजी लांब पट्टी असते, तिचं दुसरं टोक फ्रेमला बोल्टने बांधलेलं असतं. यातलं काही चुकलं किंवा नट ढिले राहिले, तर चढावर जोर येताच आस खाचेत गरकन फिरतो. ॲल्युमिनियमची खाच फाकते आणि आसातून जाणारी वायर पिळवटून तुटते. मग ते काम पंक्चरवर थांबत नाही, मोटारच बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून वायसर हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे, पुढे तो पुन्हा पुन्हा येईल.

साध्या पंक्चरसाठी चाक काढूच नका

निम्म्याहून जास्त वेळा मोटारीचं चाक काढायची गरजच नसते. काटा रुतला असेल तर चाक जागेवर ठेवून, एका बाजूने टायर उतरवून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढता येतो आणि ठिगळ लावता येतं. पूर्वीचे पंक्चरवाले असंच करायचे.

बॅटरी बंद करा आणि शक्य असेल तर काढून बाजूला ठेवा. काटा दिसत असेल तर उपटायच्या आधी टायरवर खडूने खूण करा. दिसत नसेल तर थोडी हवा भरा आणि कान लावून चाक हळूहळू फिरवा. खाजणातल्या शांततेत हा आवाज सहज ऐकू येतो, बाजारपेठेत मात्र बादलीभर पाणी लागतं. साधारण जागा कळली की उरलेली हवा काढा. वायर ज्या बाजूने बाहेर येते तिच्या उलट बाजूने, प्लास्टिकच्या दोन लिव्हरने टायरची कड रिमवरून उतरवा. हातभर लांबी पुरते. उलट बाजूला ब्रेकची डिस्क (गोल चकती) असेल तर तिला फडका गुंडाळा.

चाक काढावंच लागतं ते टायर बदलताना, व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूब फाटल्यावर किंवा मोटारीच्या बाजूचा स्पोक तुटल्यावर.

काय जवळ असावं

आसाच्या नटांसाठी 18 चा पाना लागतो, काही सायकलींना 19 चा. आपल्या नटाचं माप आजच घरी बघून ठेवा. पाना शक्यतो रिंगचा घ्या. उघड्या तोंडाचा पाना गंजलेल्या नटाचे कोपरे खातो आणि मग तो नट कुणालाच निघत नाही. पुढच्या चाकाला नट असेल तर बहुधा 15 चा पाना. बाकी ॲलन-कीचा संच, प्लास्टिकचे तीन लिव्हर, हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला पंप, ठिगळ-सोल्यूशन-पॉलिश पेपर, वायर बांधायच्या प्लास्टिक पट्ट्या (झिप टाय) आणि त्या कापायला चिमटा. लोखंडी लिव्हर किंवा स्क्रू ड्रायव्हर नको. त्याने ट्यूबला दुसरं भोक पडतं, आणि ॲल्युमिनियमच्या रिमवर ओरखडा उठला की तिथूनच हवेतली खार (मीठ) आत शिरते.

सायकल कशी ठेवायची

सायकल उलटी करून हँडल आणि सीटवर उभी करायची सवय आपल्या सगळ्यांना आहे. ई-सायकलला हँडलवर डिस्प्ले असतो, तो आधी चिरडतो. ब्रेक हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, असतील तर उलटं केल्यावर त्यांच्या टाकीतली हवा नळीत जायची भीती असते. माझ्या पडवीत वाशाला दोरी बांधलेली आहे, तिच्यात सीट अडकवून मागचं चाक जमिनीपासून वीतभर उचलतो. झाडाच्या फांदीलाही हे जमतं. रस्त्यात दुसरा उपायच नसेल आणि ब्रेक तारेचे असतील, तर हँडलच्या दोन्ही बाजूंना नारळाची सोडणं किंवा जांभ्याचे सपाट तुकडे ठेवा, म्हणजे डिस्प्ले जमिनीला टेकणार नाही.

मागचं चाक काढणं

गियर असतील तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा. बॅटरी काढा. मग मोटारीच्या वायरीचा माग घ्या. ती मागच्या चिमट्याला पट्ट्यांनी बांधलेली असते आणि वीतभर-हातभर अंतरावर तिचा जोड असतो. जोडाच्या दोन्ही भागांवर बाण असतात. पट्ट्या कापा, दोन्ही भाग धरा आणि सरळ रेषेत ओढा. पिळायचं अजिबात नाही. आत मोटारीला वीज देणाऱ्या तीन जाड पिना आणि तिची स्थिती सांगणाऱ्या बारीक पिना असतात. पिळलं की बारीक पिना वाकतात, आणि सायकल नंतर धक्के देत चालते किंवा चालतच नाही. जोड घट्ट बसला असेल तर बोटांना थोडी रांगोळी किंवा खडूची पूड लावा, पकड येते. सुटलेल्या तोंडावर लगेच स्वच्छ फडक्याचा तुकडा बांधा, आत वाळू जायला नको.

आता नट. आसाला रबरी टोपी असेल तर ती काढा. दोन्ही बाजूंचे नट नेहमीच्याच आट्यांचे असतात, डावीकडे फिरवले की सुटतात. नट अडला तर आसावर हातोडी मारू नका. वायर त्याच आसाच्या पोटातून जाते. आट्यांवर पातळ तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. ते तेल डिस्कवर उडता कामा नये, म्हणून डिस्कला आधी फडका गुंडाळा.

नट निघाले की प्रत्येक बाजूचे वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडा आणि कागदावर "चेनची बाजू", "ब्रेकची बाजू" असं लिहून ठेवा. जीभ कुठे वळली होती, वर की खाली, तेही लिहा. चिमट्याच्या आतल्या बाजूलाही कधी एखादा वायसर असतो आणि चाक खाली उतरताना तो गुपचूप मातीत पडतो. त्यासाठी खाली गोणपाट किंवा जुनी चादर अंथरा. एकदा आमच्याकडे असाच एक वायसर अंगणातल्या शेणात गेला आणि तो शोधण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

चाक उतरवायला शक्यतो दोघं असावेत. मोटार एकटीच अडीच-तीन किलोची असते. टायर, रिम, स्पोक धरून चाक चांगलंच जड होतं. ते एकदम खाली आलं तर सगळा हिसका वायरीला बसतो. एकाने सायकल धरावी, दुसऱ्याने चेन मागे ओढून चाक खाली सोडावं. डिस्क ब्रेकमधून मोकळी झाली की दोन पॅडच्या मध्ये दुमडलेला पुठ्ठा घाला. हायड्रॉलिक ब्रेक असताना चुकून लिव्हर दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि डिस्क परत आत जात नाही. काढलेलं चाक डिस्कच्या बाजूवर आडवं ठेवू नका, भिंतीला टेकून उभं करा.

टायर, ट्यूब आणि भोकाची भाषा

ट्यूबला कुठे भोक पडलंय ते नीट बघा, त्यातच कारण असतं. बाहेरच्या बाजूला असेल तर काटा. आतल्या म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलं आहे. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. आणि व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर टायर रिमवर घसरतोय. हा शेवटचा प्रकार ई-सायकलला जास्त होतो, कारण मोटार रिमला ओढते आणि हवा कमी असेल तर टायर-ट्यूब मागे राहते. व्हॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडा, टायर सरळ करा आणि पुन्हा भरा. तो फाटेपर्यंत थांबू नका. बुडाशी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ टिकत नाही.

काट्यांचं म्हणाल तर आपल्याकडे ते फक्त करवंदीचे आणि बोरीचे नसतात. माडाच्या झावळीचा वाळलेला हीर पातळ टायरमध्ये सुईसारखा जातो. जेटीच्या आसपास तुटलेले गळ पडलेले असतात, आणि गळ आत गेला की उलट्या अणीमुळे ओढून निघत नाही, पुढे ढकलून काढावा लागतो. कालवं फोडून टाकलेली कवचं टायरची बाजूच कापतात. म्हणून ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून कापसाचा बोळा सगळीकडे फिरवा. टोक राहिलं असेल तिथे कापूस अडकतो आणि बोट वाचतं. हे न करता नवी ट्यूब घातली की घर सोडून अर्धा किलोमीटर जायच्या आत पुन्हा हवा गेलेली मी किती तरी वेळा पाहिली आहे.

ठिगळ लावताना जागा पॉलिश पेपरने घासा, ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या भागावर सोल्यूशन पातळ पसरा आणि थांबा. चमक जाऊन बोटाला किंचित चिकट लागेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात पाचेक मिनिटं पुरतात. श्रावणात, भिंतीही ओल्या असताना, दहा-पंधरा मिनिटं जातात. ओल्या सोल्यूशनवर लावलेलं ठिगळ सकाळी सुटलेलं असतं. ट्यूब मुळीच दमट नको. वाटलं तर चुलीजवळ हात तापवून ती चोळा, पण आगीपासून लांब, सोल्यूशन लगेच पेट घेतं.

टायर बदलायचा असेल तर बाजूवर छापलेला आकडा बघून घ्या. "26 चा टायर द्या" एवढं सांगून चालत नाही. आमच्याकडे ज्याला अजून "रेंजरचा टायर" म्हणतात, त्या 26×1.95 चा रिमचा व्यास 559 मिलिमीटर असतो. जुन्या पद्धतीच्या 26×1⅜ चा व्यास 590. दोन्ही "26 इंची", पण एकाचं दुसऱ्याला कधीच बसत नाही. 27.5 इंचाचा व्यास 584 आणि 29 इंचाचा 622. टायरवर 50-559 असा आकडा असेल, तर पहिला रुंदीचा आणि दुसरा व्यासाचा. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे.

बसवताना आधी टायरवरचा दिशेचा बाण बघा. एक कड पूर्ण चढवा. ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा, जेमतेम गोल होईल एवढी. ट्यूबला टाल्कम पावडर चोळली तर ती टायरला चिकटत नाही, मी नेहमी चोळतो. व्हॉल्व्ह भोकात घालून ट्यूब सगळीकडे आत बसवा. मग दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करा आणि दोन्ही हातांनी चढवत व्हॉल्व्हकडे या. शेवटचा वीतभर भाग घट्ट वाटतो आणि हात लिव्हरकडे जातो. तेव्हा थांबा. आधी चढवलेला भाग सगळीकडून दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, तिथे घेर कमी असतो, तेवढीच ढील मिळते आणि शेवटचा भाग अंगठ्यांनी चढतो. लिव्हरने चढवलेला टायर बहुतेक वेळा ट्यूब चिमटवतो. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून सोडा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली राहणार नाही.

हवा 20 पीएसआयपर्यंत (पंपाच्या काट्यावरचं दाबाचं माप) भरा आणि चाक फिरवून बघा. कडेजवळ टायरवर एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे बुडाली किंवा वर आली असेल तर हवा सोडून परत नीट करा. मगच पुरी हवा.

परत बसवणं

वेळ इथे द्या. घाई करायचीच असेल तर वर कुठे तरी करा.

खाचेतली लाल माती आणि गंज दातांच्या जुन्या ब्रशने साफ करा. खाच फाकलेली किंवा चिरलेली दिसली तर चाक बसवूच नका, आधी फ्रेम दाखवा. आसाच्या आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवा. आपल्या हवेत कोरडे नट दोन पावसाळ्यांत आसाला चिकटतात. पॅडमधला पुठ्ठा काढा, चेन चक्रावर घाला, डिस्क पॅडच्या फटीत नेमकी सोडत चाक वर घ्या. आस खाचेत पूर्ण टेकला पाहिजे आणि त्याची सपाटी खाचेच्या भिंतींना समांतर पाहिजे.

वायर बाहेर येते ते तोंड जमिनीकडे हवं. वर झालं तर पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत सरळ मोटारीत उतरतं. वायर चिमट्याकडे नेतानाही तिला खाली एक छोटा झोल द्या, म्हणजे थेंब तिथे लोंबून खाली पडेल. पागोळ्यांचं पाणी भिंतीत न जिरता अंगणात पडावं म्हणून आपण कौलं जशी पुढे काढतो, तसंच हे आहे.

आता कागदावरचे वायसर. जीभ खाचेतच बसली पाहिजे, वायसर सपाट टेकला पाहिजे. जीभ बाहेर राहिली तरी नट आवळला जातो आणि सगळं घट्ट झाल्यासारखं वाटतं. मावशींच्या सायकलचं हेच झालं होतं. कुणीतरी चाक काढलं आणि वायसर उलटा घातला. त्यांना फक्त एवढं कळत होतं की चढावर मागून "टक" आवाज येतो. वायर अजून तुटली नव्हती, पण तिचं वरचं आवरण पिळून फाटलं होतं. फोटो घ्या हा आग्रह तिथून आला.

एका गियरची सायकल असेल तर चाक मागे ओढून चेन बघा. मधोमध बोटाने दाबल्यावर साधारण एक-दीड सेंटिमीटर हलली पाहिजे. चाक दोन्ही चिमट्यांच्या बरोबर मध्ये आहे ना तेही पाहा. मग नट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तो पाळा, सहसा तो 40 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. टॉर्क पाना (किती जोर लागतो ते मोजणारा) नसेल तर अंदाज असा: 20 सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला 20 किलोचं वजन टांगावं, एवढा जोर. उभ्याने पाना खाली दाबलात तर तो सहज येतो. बोटांनी आवळलेला नट पुरत नाही आणि पाईप लावून लोंबकळायचीही गरज नाही.

जोडाचे बाण समोरासमोर आणून सरळ दाबा, मधली फट मिटली पाहिजे. नव्या पट्ट्यांनी वायर बांधा. ती चेनला, डिस्कला किंवा स्पोकला लागत नाही हे चाक फिरवून बघा. डिस्क घासत असेल तर कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट ढिले करा, ब्रेक दाबून धरा आणि तसेच बोल्ट आवळा, बहुतेक वेळा घासणं थांबतं. चाक उलटं फिरवताना जड लागलं तर घाबरू नका. आतल्या दातेरी चक्रांच्या मोटारी पुढे मोकळ्या फिरतात आणि मागे फिरवताना मोटारीलाच फिरवतात.

बॅटरी लावायच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून बघा. मग चाक हवेत ठेवून मोटार सुरू करा. आवाज सारखा यावा आणि ब्रेक दाबताच ती थांबावी. अंगणात दोन फेऱ्या आणि पहिला चढ हळू.

पुढचं चाक

त्यात मोटार नसेल तर सांगण्यासारखं थोडंच आहे. चिमट्याच्या टोकांना खाचेबाहेर छोटे उंचवटे असतात, त्यामुळे नट किंवा झटपट सुटणारा खटका वाटतो त्यापेक्षा बराच ढिला करावा लागतो. हे उंचवटे कानसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया तसं करू नका. नट ढिला राहिला तरी उतारावर चाक सुटू नये म्हणून ते आहेत. खटका बंद करताना तळव्यावर वळ उमटेल एवढा जोर लागायला हवा. मोकळ्या छर्र्यांचा हब असेल तर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ग्रीस बदला.

खार

पंक्चर एका दिवसाचा त्रास देतं. खार रोज थोडं थोडं खाते. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. किनाऱ्यावर वर्षातले कितीतरी महिने हवा त्याच्या वरच असते. म्हणजे पुळणीवरून (किनाऱ्याच्या वाळूवरून) आलेल्या सायकलवर मिठाचा जो थर बसतो तो कधी वाळतच नाही. कोरडी दिसणारी सायकल रात्रभर खाऱ्या पाण्यात असते. स्टीलचा स्पोक, पितळेचा निपल (स्पोक रिमला आवळणारा छोटा नट) आणि ॲल्युमिनियमची रिम, असे तीन वेगळे धातू त्या खाऱ्या ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम आधी झिजतं. निपलभोवती पांढरी भुकटी दिसली की हे सुरू झालं समजा.

उपाय साधा आहे, पण नेमाने करावा लागतो. समुद्राकाठून आलात, फेरीबोटीच्या ओल्या उतारावरून चाक गेलं किंवा मासळीचं बर्फाचं पाणी कॅरियरवरून चाकावर ठिबकलं, तर त्याच दिवशी विहिरीच्या गोड्या पाण्याने चाक धुवा. त्यासाठी टमरेल किंवा झारी घ्या. गाड्या धुवायचा जोराचा फवारा मोटारीच्या आसावर मारू नका, तो सीलच्या आत पाणी घालतो. आणि घाट चढून आल्या आल्या धुऊ नका. मोटार तापलेली असते, आतली हवा फुगलेली असते. गार पाणी पडलं की ती आक्रसते आणि फटीतून पाणी आत ओढून घेते. तापल्या मोटारीने भरलेला पऱ्या (ओहोळ) ओलांडताना हेच होतं, म्हणून आसापर्यंत पाणी असेल तर उतरा आणि सायकल उचलून न्या. धुतल्यावर कोरड्या फडक्याने पुसा, वारा लागेल अशी उभी करा. चेनला तेल द्या. मेच्या अखेरीस प्रत्येक निपलवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वायरीच्या जोडात थोडं सिलिकॉन ग्रीस भरा. डिस्कवर काहीच नको. चुकून तेल लागलंच तर स्पिरिटने पुसा. पॅडने तेल प्यायलं असेल तर पॅड बदलावे लागतात.

मावशींच्या कॅरियरखाली आम्ही मडगार्डच्या मापाचा जाड रबराचा तुकडा बांधला आणि टोपलीला बाजूला नळी काढली. आता पाणी रस्त्यावर पडतं. त्यांच्या नव्या स्पोकांवर वर्षभरानंतरही गंज आलेला नाही.

स्पोक आणि आउट

मोटारीच्या चाकाचे स्पोक साध्यापेक्षा जाड आणि आखूड असतात. दुकानात जाताना तुटलेल्याचे दोन्ही तुकडे सोबत न्या. महिन्यातून एकदा दोन-दोन स्पोक चिमटीत दाबून बघा, किंवा पान्याने हलकेच टिचकी मारत जा. एकाच बाजूच्या स्पोकांचा आवाज साधारण सारखा यावा, ढिल्याचा आवाज बद्द येतो. नव्या सायकलला पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरनंतर हे नक्की करा. आउट म्हणजे चाक फिरताना रिम डावी-उजवीकडे डोलणं. तो काढताना चिमट्याला झिप टाय बांधून तिचं टोक रिमजवळ आणा आणि रिम कुठे घासते ते बघा. रिम डावीकडे गेली असेल तर तिथले उजवीकडचे स्पोक आवळा, एका वेळी पाव फेरा. तुटलेला एक स्पोक तसाच ठेवून चालवलात तर भार शेजाऱ्यांवर पडतो आणि मग तेही तुटू लागतात.

हवा

टायरच्या बाजूवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो. त्याच्या आत, 26×1.95 चा टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर मी पुढे 40 आणि मागे 50 पीएसआय ठेवतो. मोटारही मागे आणि बसणाराही मागेच, म्हणून मागे जास्त. दर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी दाबाचा काटा लावून बघा. अंगठ्याने दाबून कळत नाही. ट्यूबमधून हवा आपोआपच थोडी थोडी जाते, पंक्चर असावं लागत नाही. कमी हवेत मोटार जास्त ओढते आणि बॅटरी लवकर उतरते. मे महिन्यात उन्हात उभ्या सायकलची हवा तीन-चार पीएसआयने वाढते, म्हणून दुपारी छापील कमाल आकड्यापर्यंत भरू नका.

पुळणीवर हवा कमी करून चालवायचा मोह होतो. माझं मत असं की ई-सायकल पुळणीवर नेऊच नये. नेलीच, तर परत डांबरावर येताना पंप जवळ हवा, नाहीतर जांभ्याच्या पहिल्याच कंगोऱ्यावर ट्यूब चिमटते.

चाक बसवल्यावर पंचवीस-तीस किलोमीटर झाले की दोन्ही नट पुन्हा एकदा आवळून बघा. वायसर जागेवर दबतात आणि नट थोडे सैल होतात. मी त्या दिवशी आसाच्या टोकावर आणि नटावर मिळून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढतो. पुढे रोज सायकल काढताना रेघ जुळलेली दिसली की पाना लावावा लागत नाही.